वसईचा नाताळ : बेताची मिळकत आणि मुलांच्या भेटी

मुंबईच्या चर्चगेट स्थानकावरून निघालेली विरारची गाडी भाईंदर मागे टाकून खाडीवरील पुलावर येते. पुलापलीकडे नायगाव, वसई रोड, नालासोपारा आणि विरार ही स्थानके एकामागून एक लागतात. वसई रोड चर्चगेटपासून सुमारे ५० किलोमीटर दूर आहे. स्थानकाबाहेर उंच इमारती, दुकाने आणि रिक्षांची दाटी पाहून प्रवाशाला वाटते, ही मुंबईच पुढे चालू राहिली आहे. परंतु तेथून पश्चिमेला, समुद्राच्या दिशेने जाणारी बस धरावी. पापडी, सांडोर, गास, निर्मळ, भुईगाव, नंदाखाल, आगाशी अशी गावे लागू लागतात. केळीच्या बागा, पानवेलींचे मळे, सोनचाफ्याची झाडे आणि पाण्याने भरलेल्या विहिरी पाहावयास मिळतात. बागायत पूर्वीइतकी उरलेली नाही. पुष्कळ जमिनींवर आता घरे उभी आहेत. तरीही पहाटेच्या गाडीने फुले आणि भाजी घेऊन दादरच्या बाजाराला जाणाऱ्या स्त्रिया येथे अजून दिसतात.

वाचकहो, ख्रिस्ती समाज म्हटला की आपल्यापैकी अनेकांच्या मनात काहीतरी परके चित्र उभे राहते. वसईत आले की ते चित्र पुसून जाते. सन १५३४ मध्ये हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला आणि १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला जिंकला. या दोनशे वर्षांत येथील अनेक कुटुंबे ख्रिस्ती झाली, पण त्यांनी आपली बोली सोडली नाही. सामवेदी आणि वाडवळी या मराठीच्याच बोली येथील ख्रिस्ती घरांत बोलल्या जातात. चर्चमधील प्रार्थना मराठीत होते आणि गाणीही मराठीत म्हटली जातात. जपानमधील नागासाकी येथे १५९७ साली हुतात्मा झालेले आणि १८६२ साली संतपदाला पोचलेले गोन्सालो गार्सिया हे याच वसईत जन्मले. ‘नाताळ’ हा आपण सारे वापरतो तो शब्दही पोर्तुगीजांकडूनच मराठीत आला. त्याचा अर्थ जन्म, जन्मदिवस.

डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात या गावांतून चालत गेलात, तर ओट्यांवर बांबूच्या कामट्या, खळ आणि रंगीत कागद घेऊन बसलेली मुले आपणांस दिसतील. ती तारा बांधीत असतात. अंगणाच्या एखाद्या कोपऱ्यात पेंढा, माती आणि दगड जमवून गव्हाणी रचली जाते. तीत बाळ येशू, मरिया, योसेफ आणि गाईगुरे मांडावयाची असतात. एका घरी मुलांनी पत्र्याच्या उथळ डब्यात मेथी आणि मोहरी पेरली होती. नाताळच्या रात्रीपर्यंत ती वीतभर उंच होतील आणि गव्हाणीपुढे शेत म्हणून ठेवता येतील, असा त्यांचा हिशेब होता. या साऱ्या शोभेला फारसा पैसा लागत नाही. पैसा लागतो तो पुढे, आणि त्याविषयीच आज आपणांशी चार शब्द बोलावयाचे आहेत.

जुनी माणसे सांगतात की त्यांच्या लहानपणी नाताळची भेट म्हणून वेगळी वस्तू मिळत नसे. वर्षातून एकदा नवे कपडे शिवले जात आणि घरात करंज्या, लाडू, केक होत. मध्यरात्रीच्या मिस्सेला नवे कपडे घालून जावयाचे, सकाळी वडीलधाऱ्यांच्या पाया पडावयाचे आणि शेजाऱ्यांच्या घरी फराळाची ताटे पोचवावयाची, एवढ्यात मुलांचा सण साजरा होई. दिवाळीत हिंदू शेजाऱ्यांकडून आलेल्या ताटाची परतफेड नाताळात केली जाई. ही ताटांची देवघेव अजून चालू आहे. मात्र आता तिच्या जोडीला चकचकीत कागदात गुंडाळलेली भेटही आली आहे. शाळेत, दुकानांत, दूरचित्रवाणीवर आणि हातातील फोनवर लाल अंगरख्याचा नाताळबाबा दिसतो. तो भेटी आणतो हे मुलाला बोलता येऊ लागताच कळते. मुलाने भेटीची वाट पाहावी यात वावगे काही नाही. परंतु ज्या घरात महिन्याचा पगार महिन्यालाच पुरत नाही, त्या घरातील आईबापांना डिसेंबर महिना जड जाऊ लागतो.

वसईत अशी घरे कमी नाहीत. कुणी मुंबईत एखाद्या दुकानात काम करतो, कुणाची बाग भावाभावांत वाटली जाऊन दहा गुंठ्यांवर आली आहे, कुणी मचव्यावर खलाशी आहे. अशा काही घरांत बसून आम्ही विचारले, की मुलांच्या भेटींचे आपण काय करता? मिळालेली उत्तरे साधी होती, पण त्यांत पुष्कळ शहाणपण होते.

गासजवळच्या एका घरात तीन मुले. वडील ज्या कारखान्यात होते तो बंद पडला आणि ते आता दुसरीकडे कमी पगारावर काम करतात. आई शिवणकाम करते. पहिल्या वर्षी त्यांनी उसने पैसे घेऊन पूर्वीसारखाच नाताळ केला आणि ते फेडता फेडता पुढचा पाऊस आला. तेव्हापासून त्या बाईंनी एक रीत घातली आहे. जानेवारीच्या पहिल्या रविवारी त्या एका डब्यात १०० रुपये टाकतात आणि मग दर रविवारी तेवढेच टाकीत जातात. ५० रविवारांत ५,००० रुपये होतात. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळपूर्वीच्या चार आठवड्यांच्या, आरंभी मुलांसमोर डबा उघडला जातो आणि थोरला मुलगा वहीत हिशेब लिहितो. गेल्या खेपेचा हिशेब त्याने आम्हांला दाखविला : कपडे २,४०० रुपये, फराळ १,१००, चर्चमधील दान आणि गरिबांसाठी ३००, नातलगांकडे जाण्यायेण्याचा खर्च ३००, आणि भेटी ९००. तीन मुलांना प्रत्येकी ३००.

“मुलांना पैशाची चिंता कशाला दाखवावी?” असे आपणांस वाटेल. आम्हीही तोच प्रश्न केला. बाई म्हणाल्या, “चिंता आम्ही दाखवीत नाही, डबा दाखवितो. पैसे नाहीत एवढेच सांगितले की मुले घाबरतात. इतके आहेत आणि इतक्यात भागवावयाचे आहे, असे सांगितले की ती विचार करू लागतात.” थोरल्याला सायकल हवी होती. ३०० रुपयांत ती येत नाही हे त्याला वहीतच दिसले. मग मामाच्या मुलाची गंजलेली सायकल मागून आणली गेली, त्याच्या ३०० रुपयांतून नवी ट्यूब, ब्रेकची रबरे आणि रंगाचा छोटा डबा आला, आणि आठ संध्याकाळी बापलेकांनी मिळून ती दुरुस्त केली. ती सायकल जुनी आहे हे त्या मुलाने कुणापासून लपविले नाही. उलट कुठला भाग कसा बसविला हे तो आम्हांला सांगत बसला.

याच घरात आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली, आणि ती लहान मुलांच्या आईबापांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. धाकटी मुलगी पाच वर्षांची असताना तिने विचारले होते, “आई, नाताळबाबा मोठ्या घरांत आधी जातो का?” वर्गातील एका मुलीला त्याने मोठी बाहुली दिली होती आणि हिला एक रंगपेटी. मुलीच्या मनात आले, की आपणच कमी चांगले वागलो असू. मोठी भेट नाताळबाबाच्या नावावर घातली की हा प्रसंग येतोच. आईबापांची मिळकत निरनिराळी असते हे मूल समजू शकते, पण संताने पक्षपात केला हे त्याला समजत नाही, आणि त्याचा दोष ते स्वतःवर घेते. म्हणून त्या घरात आता नाताळबाबाच्या नावे केवळ खाऊची एक पुडी येते. मूल गरिबाचे असो वा श्रीमंताचे, पुडी पुडीसारखीच असते. बाकीची भेट आईबाबांकडून, आणि तीमागे कुणाचे किती श्रम आहेत हे सर्वांना ठाऊक. आम्हांला वाटते, शेजारपाजारच्या सधन घरांनीही ही रीत उचलली, तर कितीतरी मुलांच्या मनातील हा सल नाहीसा होईल.

निर्मळ हे गाव येथून फार दूर नाही. तेथे तलाव आहे, शंकराचार्यांचे मंदिर आहे आणि होली क्रॉस नावाचे चर्चही आहे. कार्तिक वद्य एकादशीपासून येथे मोठी जत्रा भरते आणि तिला हिंदू व ख्रिस्ती दोघेही जातात. उन्हात वाळविलेल्या राजेळी केळ्यांची सुकेळी तेथे विकावयास येतात, तशी खेळण्यांची दुकानेही लागतात. ही जत्रा नाताळच्या काही आठवडे आधी येते. एका आजीबाईंनी आपली युक्ती सांगितली : नातवंडांना जत्रेत घेऊन जावयाचे, पण त्या दिवशी काही घ्यावयाचे नाही. फक्त पाहावयाचे आणि घरी येऊन ज्याने त्याने एका गोष्टीचे नाव सांगावयाचे. दोन दिवसांनी पुन्हा विचारावयाचे. पहिल्या दिवशी मागितलेली वस्तू दुसऱ्या खेपेस पुष्कळदा बदललेली असते, कधी ती विसरलेलीच असते. दोन्ही वेळा जिचे नाव आले तीच वस्तू जत्रा संपण्यापूर्वी आजी गुपचूप आणून कणगीमागे ठेवतात. “मुलाला खरोखर काय हवे हे त्यालाही एका दिवसात कळत नाही,” असे त्या म्हणाल्या. बाजारात मुलाच्या रडण्यापुढे हार खाणाऱ्या आपण सर्वांना हे बोल उपयोगी पडण्यासारखे आहेत.

ज्यांच्याजवळ बाजारासाठी काहीच उरत नाही, ते हातांनी करतात. शिंप्याकडील कापडाच्या चिंध्यांतून बाहुली आणि तिचे दोन पोशाख होतात. नारळाच्या झावळीच्या रुंद बुंध्यातून बॅट निघते. तिची मूठ दोरीने नीट गुंडाळली की ती हाताला टोचत नाही. एका बागायतदाराने आपल्या मुलीला सोनचाफ्याचे कलम दिले होते. खड्डा तिने खणला, पाणी तीच घालते, आणि फुले येऊ लागली की ती विकून येणारा पैसा तिचा, असा करार झाला आहे. मोठ्या मुलांसाठी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एखादे पुस्तक आणावे, त्याला नवे वेष्टन घालावे आणि आतल्या पानावर वडिलांच्या हातचे दोन शब्द लिहावेत. ते दोन शब्द मूल मोठे झाल्यावरही वाचील.

समुद्राच्या काठी, किल्ल्याजवळच्या पाचूबंदरात, ख्रिस्ती कोळ्यांची वस्ती आहे. मासेमारीची मिळकत एकसारखी नसते. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना समुद्रात जाण्यास बंदी असते आणि पुढेही जाळ्यात काय येईल याचा नेम नसतो. त्यातून २५ डिसेंबर येतो महिन्याच्या शेवटी. पगारदाराचाही हात त्या वेळी रिकामाच असतो. येथल्या एका घराने जी तोड काढली आहे ती आम्हांला फार आवडली. ख्रिस्ती परंपरेनुसार पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी पुरुषांनी बाळ येशूला सोने, ऊद आणि गंधरस अर्पण केले; पण ते जन्माच्या रात्री आले नव्हते, मागाहून आले. त्यांचा सण ६ जानेवारीला असतो. गोव्यात रेइश मागुश, चांदोर, कांसावली येथे तो थाटाने होतो आणि स्पेनसारख्या देशांत मुलांना भेटी मिळण्याचा खरा दिवस तोच. या घरातही नाताळच्या दिवशी कपडे व फराळ आणि तीन राजांच्या दिवशी भेट, अशी वाटणी केली आहे. तोवर नव्या महिन्याचे पैसे हाती येतात, बाजारातील भाव उतरलेले असतात, आणि मुलांचा सण दहाबारा दिवस लांबतो. उशीर झाला असे त्यांना वाटत नाही, कारण भेट घेऊन येणारेच त्या दिवशी यावयाचे असतात.

आता दुसऱ्याच्या मुलांना द्यावयाच्या भेटींविषयी. ज्यांना देण्याची ऐपत आहे ते सणाच्या दिवसांत गरीब मुलांना एकत्र बसवून, हारीने उभे करून वस्तू वाटतात, छायाचित्रे काढतात. हेतू चांगला असतो. पण ते मूल घरी जाते तेव्हा त्याच्या बापाला काय वाटत असेल? नाताळबाबाची कल्पना ज्यांच्यावरून निघाली ते संत निकोलस हे चौथ्या शतकातील मायरा या नगरीचे बिशप होते. त्यांची आख्यायिका अशी : एका गरीब माणसाला तीन मुली होत्या आणि त्यांच्या लग्नासाठी त्याच्याजवळ काहीच नव्हते. निकोलस रात्रीच्या अंधारात गेले, त्यांनी खिडकीतून मोहरांची थैली आत टाकली आणि आपले नाव कळू दिले नाही. या कथेतील भेट बापाच्या घरात पडली. मुलींना ती बापाकडून मिळाली. वसईतील एका चर्चच्या महिला मंडळाच्या बाई असेच करतात. मदत द्यावयाची ती आठ दिवस आधी आईच्या हाती, न बोलता. मग नाताळच्या सकाळी मुलाला नवा सदरा आईबापच देतात, आणि त्या घराची मान खाली जात नाही. मदत करणाऱ्यांनी एवढे पथ्य पाळावे, अशी आमची नम्र विनंती आहे.

मुलांनाही देणारे होऊ द्यावे. आगमनकाळाच्या तिसऱ्या आठवड्यात गासच्या त्या घरातील मुले आपली खेळणी ओट्यावर पसरतात. जी मोडली ती दुरुस्त करावयाची आणि ज्यांच्याशी आता खेळत नाही ती धुऊनपुसून दुसऱ्याला द्यावयाची. मात्र अट अशी की जी वस्तू आपण स्वतः आनंदाने घेतली असती तीच द्यावयाची. चौथ्या आठवड्यात फराळाची ताटे भरली जातात आणि ती शेजारी पोचविण्याचे काम मुलांचे. कुणाच्या घरी आजारी माणूस आहे, कुणाकडे त्या वर्षी दुःख झाले आहे, हे त्यांना ताट घेऊन जाताना कळते. ताट रिकामे परत करू नये अशी आपल्याकडे रीत आहे. म्हणून ते येते तेव्हा त्यात दोन केळी किंवा साखर असते. आपल्या हातून काही गेले आणि काही आले, ही गोष्ट मुलाला त्या ताटावरून समजते.

आपण हा मजकूर भोपाळमध्ये वाचत असाल, बडोद्यात, हैदराबादेत किंवा दिल्लीच्या एखाद्या सरकारी वसाहतीत. आपल्या घरी नाताळ होत नसेल; दिवाळी, ईद, ओणम किंवा दुर्गापूजा होत असेल. परंतु सणाच्या आदल्या महिन्यात दिव्याखाली बसून आकडे जुळविणारे आईबाप सगळीकडे सारखेच असतात. खेळणे घ्यावयाचे तर आपल्याच प्रांतातील कारागिराचे घ्यावे. सावंतवाडीची लाकडी फळे, कर्नाटकात चन्नपट्टणची लाखेच्या रंगाची खेळणी, आंध्रात कोंडपल्लीची चित्रे ही हातांनी घडविलेली असतात. त्यांतली एखादी लहान वस्तू बेताच्या पैशांत बसते, आणि ती घेताना कुठे व कशी झाली हे मुलाला सांगता येते.

वसईच्या घरांत जे पाहिले त्याचे सार थोडक्यात सांगावयाचे तर असे : सणासाठी कर्ज काढू नये, आकडा मुलांपासून चोरू नये, मोठी भेट संताच्या नावावर घालू नये, आणि ती ठरल्या दिवशीच यावी असा हट्ट धरू नये. आईबापांना भीती वाटते की लहान भेटीने मूल आपल्याला कमी लेखील. आम्ही जी मुले पाहिली त्यांना आपल्या घरची स्थिती ठाऊक होती आणि तरीही ती खिन्न नव्हती, कारण त्या स्थितीतून सण कसा काढावयाचा या कामात त्यांचाही हात होता.

एक वही आणि झाकणाचा एक डबा एवढेच सामान आरंभाला पुरे. येत्या जानेवारीच्या पहिल्या रविवारी मुलांना जवळ बसवावे, वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालावी आणि जे जमेल ते, १०० नसतील तर २० रुपये, त्यांच्याच हातांनी डब्यात टाकावेत.